प्रकल्प नोंदी : फातर नावाचा पायलट

८ जून २०२५
वही काढली एकदाची. सहा भागांची श्रुतिका, प्रत्येक भाग बारा-पंधरा मिनिटं, मराठीत, आणि घडते तारायानात. आईला सांगितलं की मुख्य पात्र पायलट आहे, तर ती म्हणाली, "कुठल्या स्टँडवरचा?" बरोबरच आहे तिचं, गोव्यात पायलट म्हटलं की पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल आणि तिच्यावर मागे बसलेलं गिऱ्हाईकच डोळ्यांसमोर येतं. मी हसून सोडून दिलं पण वहीत लिहून ठेवलंय, उपयोगी पडेल.

पात्राबद्दल आत्ता एवढंच ठरलंय: वय चौतीस, यान चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो, बोलणं तिरकस, हाडं ठिसूळ. नाव नाही अजून.

११ जून
हाडांचं वाचतेय. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन, टाइप वन कोलॅजन, तेच कमी किंवा सदोष बनतं, त्यामुळे साध्या धक्क्यानेही हाड मोडू शकतं. पंधरा ते वीस हजार जन्मांमागे साधारण एक. काहींना आयुष्यात चार-पाच फ्रॅक्चर, काहींना शंभराच्या वर, म्हणजे एकच आजार म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग बऱ्याच जणांचा निळसर असतो, मोठेपणी ऐकू कमी येऊ शकतं. मांडीच्या हाडात सळी घालतात, लहान मुलांसाठी हाडाबरोबर लांब होणारी सळी मिळते, हे मला माहीतच नव्हतं. बुद्धीशी ह्याचा काडीचा संबंध नाही.

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा आहे, तेवीसचा, त्याला हेच आहे. लहान होता तेव्हा मी त्याला गणित शिकवायचे. मेसेज टाकला की स्क्रिप्ट वाचशील का. उत्तर आलं, "ताई फी किती." म्हटलं भाजीपाव. "मग सल्लागार म्हणून लिहा, वाचक नको." तर आजपासून त्याचं नाव सल्लागार.

१५ जून
पहिलं वाचन, आमच्या पडवीत. आमचा नट जत्रेतल्या नाटकांत वाढलेला, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे ह्या हिशेबाने बोलतो, आणि पात्र अपंग आहे कळल्यावर त्याने आवाजात असा काही गहिवर आणला की मलाच कसंतरी झालं. सल्लागार फोनवर ऐकत होता. रात्री अकराला व्हॉइस नोट आली, चार मिनिटांची, ती इथे थोडक्यात:

एक, हा माणूस रडतोय का. दोन, ह्याचे बावीस डायलॉग आहेत, त्यातले सतरा हाडांवर, मी मोजले. "ताई, मी दिवसात हाडांवर किती बोलतो? काल संध्याकाळी आपण दहा मिनिटं बोललो, विषय काय होता?" विषय होता वीज खात्याचं बिल. तीन, ह्याच्या टोमण्यांत मजा नाही, तो कुजकट वाटतो.

तिसरं लागलं. कारण खरं होतं.

१६ जून
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हेच डोक्यात. आपल्याकडे ह्या एका गोष्टीला किती शब्द आहेत बघा, तिरकस, खवचट, कुजकट, खोचक, आणि प्रत्येक वेगळा माणूस आहे. कुजकट माणसाच्या आत काहीतरी सडत पडलेलं असतं, कोणाचं बरं झालेलं त्याला बघवत नाही, म्हणून तो बोलतो. खवचट माणसाला समोरच्याची चूक आधी दिसते आणि ती तो आनंदाने, चवीचवीने दाखवतो. माझा पायलट खवचट हवा होता आणि मी लिहिला होता कुजकट, कारण मी गृहीतच धरलं की ह्याला एवढं दुखणं म्हणजे हा कडवटच असणार. तिरकसपणाचं मूळ मी हाडांत शोधत बसले. ते त्याच्या कामात आहे, त्याला यान येतं आणि बाकीच्यांना येत नाही, आणि बाकीचे येत असल्यासारखं बोलतात, बास, एवढ्यावर कोणीही खवचट होईल. आमच्या ऑफिसातल्या प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला बघा.

पहिला भाग पूर्ण फाडला. सतराचे तीन केले.

२६ जून
आज काम झालं नाही, झालं ते वेगळंच. शुभांशू शुक्लांचं यान दुपारी चारच्या सुमारास अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं, १९८४ला राकेश शर्मा गेल्यानंतर पृथ्वीच्या कक्षेत गेलेले हे दुसरे भारतीय, आणि मोहिमेतली त्यांची जागा पायलटचीच. सल्लागाराच्या घरी बसून बघितलं. तो सगळा वेळ बडबडत होता की डॉकिंग तर ऑटोमॅटिक आहे, मग पायलट काय करतो. मी सांगितलं की लक्ष ठेवतो, बिघडलं तर हातात घेतो. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या बाबांसारखं. मी रिक्षा करून एकटा गेलो तरी मागून स्कूटर घेऊन येतात."

हे वाक्य चोरलं. दुसऱ्या भागात पायलट यानाच्या कॉम्प्युटरबद्दल नेमकं हेच म्हणेल, फक्त उलट्या बाजूने: "तू चालव गो, मी मागून स्कूटरवर आहे."

२९ जून
ही नोंद लांबणार आहे.

स्पेसएक्सचं डॉकिंगचं सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतं, त्यात यान हाताने नेऊन स्थानकाला टेकवायचं. नियम सोपा वाटतो, टेकताना पडद्यावरचे मधले सगळे आकडे ०.२च्या खाली पाहिजेत. वेग म्हणाल तर सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या आत, म्हणजे मांजर दबकत जातं त्याहूनही हळू. मी शुक्रवारी रात्री अकरा वेळा आपटले. अवकाशात ब्रेक नाही हे डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. पुढे जायला एकदा दाबलं की यान जातच राहतं, थांबवायचं तर तेवढंच उलटं दाबायचं, आणि आपण घाबरून जास्त दाबतो, मग मागे, मग पुन्हा पुढे, नुसती झुलणारी पालखी.

लिंक सल्लागाराला पाठवली. शनिवारी दुपारी त्याने माझ्यासमोर पहिल्या फटक्यात टेकवलं. एवढं हळू की टेकल्याचं मला स्क्रीनवर लिहून आल्यावर समजलं. मी लगेच लेखिका झाले. म्हटलं बघ, तुला आयुष्यभर प्रत्येक वस्तूच्या जवळ जाताना अंदाज घ्यावा लागलाय, दाराची चौकट, पायरी, गर्दीतलं कोपर, कुठे किती जोरात टेकायचं हे तुझ्या अंगात आहे, म्हणून तुला हे जमलं. मला वाटलं काय सुंदर बोलले मी.

तो गप्प. मग म्हणाला, "काल रात्री साडेतीनपर्यंत खेळलो ताई. दोनशेच्या वर वेळा. त्याचं क्रेडिट पण हाडांनाच देणार?"

मी पाणी प्यायला उठले.

नंतर रात्री तो सीन लिहून काढला, जवळजवळ आहे तसाच. यानावर नवीन आलेली डॉक्टर पायलटचं डॉकिंग बघून भारावून माझंच भाषण करते, आणि तो म्हणतो, "डॉक्टरबाई, सहा हजार तास. सहा हजार तास मी ह्या खुर्चीत घालवलेत. हाडं त्या वेळी कॅल्शियम खात बसली होती." पात्र सापडलं असं वाटलं. त्याचा माज इथे आहे, कमावलेला आहे, आणि तो कोणी दुसऱ्या कशाच्या नावावर लावला की त्याची जीभ बाहेर येते.

६ जुलै
पाऊस थांबला म्हणून फोंड्याला गेले, बाजारातल्या पायलट स्टँडवर. मुद्दाम मोटरसायकलने दोन फेऱ्या केल्या, निरीक्षण म्हणून. पहिल्या पायलटला मी म्हटलं इकडून घ्या, जवळ पडेल. त्याने मान पण वळवली नाही. "म्हाका रस्तो शिकयनाका." आणि मग सगळ्या वाटेने, ज्या ज्या गाडीवाल्याने इंडिकेटर न देता वळवली त्याच्यावर एकेक वाक्य, आवाज अजिबात न चढवता, जणू क्रिकेटची कॉमेंट्री. गिऱ्हाइकाशी बोलतच नव्हता, स्वतःशीच. उतरल्यावर मात्र मी नीट पाय टेकेपर्यंत गाडी रेटून धरली त्याने. हे सगळं घेतलं. विशेषतः आवाज न चढवणं. नटाला सांगायचं: शेवटच्या रांगेतली म्हातारी विसर, ती तुझ्या पाठीमागच्या सीटवर बसलीय.

१३ जुलै
जीचा प्रश्न. सल्लागाराच्या भावाने काढला, तो इंजिनिअरिंगला आहे, असले लोक असतातच. म्हणे यानाने वेग घेतला की अंगावर दाब येतो, रॉकेटमधून जाताना तीन-चार जी, म्हणजे आपल्याच वजनाच्या तीन-चार पट, ठिसूळ हाडांचा माणूस टिकेल का.

ह्याला पळवाट काढायची नव्हती. वाचता वाचता सोयुझ यानाची गोष्ट मिळाली. त्यात बसणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच्या अंगाचा साचा घेऊन खुर्चीचं आतलं अस्तर बनवतात, त्याच्या पाठीला तंतोतंत बसणारं, कारण जमिनीवर उतरताना दणका बसतो. म्हणजे जगातले सगळ्यात धडधाकट समजले जाणारे लोक, आणि प्रत्येकाला मापाची खुर्ची. तिला कोणी 'विशेष सोय' म्हणत नाही, यानाचा पार्ट म्हणतात. आणि वर गेल्यावर तर चालायचंच नसतं कोणाला, पाय नुसते मागे लोंबतात.

दुसरं, वजन नसलं की कंबर-मांडीची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात, म्हणून अंतराळवीर रोज दोनेक तास व्यायाम करतात. हाडं टिकावीत म्हणून त्यांच्यावर ज्या गटातलं औषध तपासलं, त्याच गटातली औषधं ह्या आजारात देतात. तर तिसऱ्या भागात वैद्यकीय तपासणीत कॅप्टनची हाडं विरळ झालेली निघतात आणि पायलट तिला म्हणतो, "या, या. बसा. आमच्या गावात पहिल्यांदाच आलात?" सल्लागार ह्यावर इतका हसला की त्याची आई आत बघायला आली.

आणि हो, जॉन मॅकफॉल. ब्रिटिश सर्जन, मोटरसायकल अपघातात एक पाय गेला, नंतर पॅरालिम्पिकचं ब्राँझ, २०२२ला युरोपियन स्पेस एजन्सीने निवडला, ह्या फेब्रुवारीत दीर्घ मोहिमेसाठी वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरला. म्हणजे आपण फार पुढचं काही लिहीत नाही आहोत.

२० जुलै
रायबंदर–चोडण फेरीवर होते, मावशीकडे जायला. पाणी फुगलेलं, फेरी हलत होती, शेजारची बाई पदर तोंडाला लावून बसलेली. तिथेच चौथ्या भागाचा सीन सुचला कारण आदल्या रात्रीच ते अकरा जणांचं वाचलं होतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गॅलोडेट ह्या बहिऱ्यांच्या कॉलेजातले अकरा पुरुष नासा आणि नौदलाच्या प्रयोगांत सामील झाले. त्यातल्या दहा जणांचा कान लहानपणीच्या मेंदूज्वराने गेला होता, आणि तोल सांभाळणारा कानाच्या आतला भागही, त्यामुळे त्यांना मळमळतच नसे. चौघांना बारा दिवस फिरत्या खोलीत ठेवलं, मिनिटाला दहा फेरे. एकदा खवळलेल्या समुद्रात फेरीबोटीवर नेलं, तर हे पत्ते कुटत बसले आणि शास्त्रज्ञांनाच एवढ्या उलट्या झाल्या की प्रयोग बंद करावा लागला.

यानाच्या इंजिनरूममध्ये बहिरी तंत्रज्ञ टाकली. ती आणि पायलट खाणाखुणांत भांडतात. श्रुतिकेत खाणाखुणा ऐकवायच्या कशा हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवलाय. (नट म्हणाला मी करतो. तो काय करणार देव जाणे.)

३ ऑगस्ट
नाव मिळालं. फातर. म्हणजे दगड.

सल्लागाराला विचारलं होतं, शाळेत तुला काय म्हणायचे. काच. बांगडी. खाजें, जत्रेतला गुळाचा खाऊ, कारण खाजें मोडतं. तो हे सांगताना जरा वेळ लावत होता, मी पुढे खोदलं नाही. मग म्हणाला त्याचं नाव फातर ठेव. पायलट म्हणतो: "लोक नावं ठेवणारच होते. म्हटलं पहिलं मीच ठेवतो." ह्याच्यावर मी एक शब्द वाढवला नाही.

आईला तरी अजून वाटतंय तो मोटरसायकलवालाच आहे, आणि तिला तो आवडायला लागलाय.

१० ऑगस्ट
रेकॉर्डिंग फुकट. पडवीवर पत्रा, पत्र्यावर पाऊस. तारायानात पाऊस पडतोय. चारला लाईट गेली. भजी खाल्ली.

२७ ऑगस्ट
चवथ. वही बंद. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची आहे.

१४ सप्टेंबर
पाचवा भाग, फ्रॅक्चरचा सीन. यानाला धक्का बसतो, फातर खुर्चीतून सुटतो, मांडीचं हाड जातं. आवाजवाल्याने घरून मुळे आणले होते, जाडजूड, माईकपुढे कडाकडा मोडून दाखवले, आणि खरंच अंगावर काटा आला, मी म्हटलं वा. सल्लागार आज पहिल्यांदा प्रत्यक्ष आला होता, त्याची व्हीलचेअर पायरीवरून वर घ्यायला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि कसं धरायचं हे तोच सांगत होता. मुळा ऐकून तो म्हणाला, काढा.

आवाजवाला चिडला. मेहनत केली होती त्याने.

सल्लागार म्हणाला, तो आवाज तुमच्यासाठी आहे, ऐकणाऱ्याला शहारे यावेत म्हणून. "माझ्यासाठी तिथे आवाज नसतो. मी पहिलं गप्प होतो आणि बघतो कुठे. मग सगळे धावत येतात ना, ते मला जास्त भयंकर वाटतं, कारण ते उचलायला येतात." आणि मग त्याने सांगितलं तो काय बोलतो. हात लावू नका. गुडघ्याखाली उशी. तू डोक्याकडे ये. तीन म्हटल्यावर, त्याच्या आधी नाही. एक माणूस बोलेल आणि तो मी.

मी ते वहीत उतरवत होते आणि लक्षात आलं की हे मी आधी लिहिलंय. दुसऱ्या भागात. डॉकिंगच्या वेळी फातर क्रूला ज्या सुरात सूचना देतो, छोटी वाक्यं, खवचटपणा शून्य, एकही शब्द जास्त नाही, तोच सूर. मी ह्या सीनसाठी चार टोमणे लिहून ठेवले होते, जखमी झाला तरी जीभ चालतेय, लोक हसतील वगैरे. चारही काढले. फातर इथे काम करतोय, आणि काम करताना तो टोमणे मारत नाही, दुसरे काम करताना बघून मारतो.

नटाला फक्त एवढंच सांगितलं की तू यान उतरवतो आहेस, यान म्हणजे तू. एका टेकमध्ये दिलं त्याने. गहिवर नाही, काही नाही. मुळे सांबारात गेले.

२८ सप्टेंबर
पाच भाग रेकॉर्ड. खाणाखुणांचा सीन नटाने करून दाखवला: कपड्यांचा आवाज, बोटं तळहातावर आपटल्याचा आवाज, मध्ये श्वास, आणि फातर एकटाच तिचं बोलणं मोठ्याने खोडून काढतो, त्यावरून आपल्याला कळतं ती काय म्हणाली असेल. मी त्याला उगाच नावं ठेवली.

एकाने विचारलं, सल्लागारालाच का घेत नाही फातर म्हणून. विचारलं होतं मी, जूनमध्येच. तो म्हणाला, "मला पायलट व्हायचं नाही. मला पायलटला रिटेक द्यायला लावायचाय." आणि लावतोय. काल 'बसा' ह्या एका शब्दासाठी नऊ टेक.

११ ऑक्टोबर
पणजीत पर्पल फेस्ट, अपंगांचा महोत्सव, चालू आहे, २०२३ला पहिला झाला होता, तेव्हा मी गेले नव्हते. आज सल्लागार आणि मी. गर्दीत व्हीलचेअरवाले एवढे की एका ठिकाणी वळायला जागा नव्हती आणि तो खूश, "ट्रॅफिक जाम! ताई, आमचा ट्रॅफिक जाम!" तिथे मोबाईलवर तीन अनोळखी लोकांना पहिला भाग ऐकवला, इयरफोन लावून. एका अंध काकांनी पूर्ण ऐकला आणि म्हणाले पायलट बरा आहे, कॅप्टन फार ओरडते. कॅप्टन मी आहे. सल्लागाराने मला ते पुन्हा दोनदा सांगितलं, येताना.

१९ ऑक्टोबर
सहावा भाग एडिट झाला. शेवटची नावांची यादी सल्लागाराला पाठवली, त्यात त्याचं नाव 'विशेष आभार'मध्ये होतं. पाच मिनिटांत परत. "आभार कसले, मी काम केलंय." खोडून त्याने लिहिलं होतं: दिग्दर्शन.

दिग्दर्शन माझं आहे. मी 'सह' लावून परत पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.